घोंगड्याखालची ठिणगी

मल्लूअण्णांना हळू बोलता येत नसे. ते देवापुढे हात जोडून मनातलं मागणं मागायचे, तेसुद्धा पलीकडच्या बोळात ऐकू जायचं. आम्ही कोल्हापुरात गंगावेशीमागच्या गल्लीत बिऱ्हाड केलं, त्या दिवशी टांग्यातून सामान उतरत होतं आणि समोरच्या गोठ्यातून आवाज आला, "कोन पावणं आल्यात वं?" माझ्या हातातली लोणच्याची बरणी निसटायचीच राहिली. मला वाटलं, उतरायच्या आधीच भांडण लागलं. थोड्या वेळानं तोच आवाज तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा कळलं की ते स्वागत होतं.

"घ्या," अण्णा म्हणाले. "च्यात घालून नासू नगा. नुसतं प्या."

आम्ही दोघं रत्नागिरीकडचे. आमच्याकडे हळू बोलणं ही चांगल्या वळणाची खूण. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका आणि यजमान कोर्टात कारकून, म्हणजे दोघांचाही पेशा गप्प बसवण्याचा किंवा गप्प बसण्याचा. अशा जोडप्याच्या समोर देवानं मल्लूअण्णा गवळी आणून ठेवले. मला ते पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणत. यजमानांना "पावणं" म्हणत, आणि आम्ही ती गल्ली सोडली त्या दिवसापर्यंत ते पावणंच राहिले.

अण्णा उंच, रुंद, डोक्याला पटका, अंगात बंडी. त्यांचा उजवा हात मोकळा कधीच नसे. म्हशीच्या पाठीवर, भिंतीवर, समोरच्याच्या खांद्यावर, कशावर तरी थाप मारल्याखेरीज त्यांचं वाक्य पुरं होत नसे. यजमान त्यांच्याशी बोलायला जाताना अंतर राखून उभे राहत. ते लिंगायत गवळी, मूळचे खालच्या, कर्नाटकाकडच्या बाजूचे, त्यामुळे घरात अव्वा, अक्का, अप्पा असा सगळा थाट. आणि दिवसातून दहा वेळा एक वाक्य ठरलेलं: "बघिटल्याबिगर बोलायचं न्हाय." हे ते अखंड बोलत असतानाच मध्ये म्हणत.

त्यांची बायको पारव्वा त्यांच्या बरोबर उलट. बारकीशी, काटक, आणि बोलणं इतकं कमी की पहिले काही दिवस मला ती मुकी वाटली. पण बोलली की नेम चुकायचा नाही. अण्णांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा आणि पारव्वाचा फक्त अण्णांना, पण घर चालायचं ते पारव्वाच्या आवाजावर.

आता स्कूटरची गोष्ट सांगायची तर आधी गुडघ्याची सांगायला हवी.

दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी सजवतात. न्हाऊ घालून, तेल चोळून, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून त्यांना रस्त्यावर आणतात. मग मालक हाक देऊन पुढं पळत सुटतो आणि म्हैस त्याच्या मागून धावते. दोरी नाही, काठी नाही. ज्याची म्हैस शेवटपर्यंत मागं येते, त्याची मान वर्षभर ताठ. अण्णांनी तरुणपणी ही शर्यत खूप गाजवली होती. पुढं तालमीत कुणीतरी त्यांचा गुडघा पिरगाळला तो कायमचा. चालता यायचं, पळता यायचं नाही. मग पाडव्याला सगळी गल्ली रस्त्यावर आणि अण्णा गोठ्याच्या दारात, मोठमोठ्यानं इतरांच्या म्हशींची खोडी काढत उभे. त्यांचा तो आवाज मला नेहमीपेक्षा थोडा जास्तच मोठा वाटायचा.

संस्थान विलीन झाल्यावर दरबारच्या नोकरीतले एक अधिकारी गडमुडशिंगीला आपल्या शेतावर राहायला निघाले. त्यांच्याकडे इटलीची एक स्कूटर होती आणि ती बरेच दिवस शेडमध्ये मरून पडली होती. पेट्रोल येत होतं, किक बसत होती, पण ठिणगी पडत नव्हती. दोन मिस्त्रींनी हात टेकले होते. साहेबांना शेतावर एक चांगली दुभती म्हैस हवी होती. अण्णा त्यांच्या कोल्हापुरातल्या घरी दूध घालत. त्यांनी ती स्कूटर पाहिली, तिच्यावर थाप मारली, आणि त्यांच्या डोक्यात पाडवा उजाडला. पळणारा गुडघाच हवा असं कुठं आहे? चाकं असली तरी चालेल की!

त्यांनी स्कूटरच्या बदल्यात चंद्री दिली.

चंद्री ही पारव्वाची म्हैस. आई मेलेल्या रेडकाला पारव्वानं बोटानं दूध चाटवून जगवलं होतं, तीच ही. अण्णांनी पारव्वाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काय उत्तर येईल हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते स्कूटर ढकलत गल्लीत आले. मागं सगळी पोरं, बाया दारात, मी सज्जात. पारव्वा गोठ्यातून बाहेर आली. तिनं रिकाम्या दावणीकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, आणि विचारलं,

"दूद किती देतंय?"

एवढंच बोलून ती आत गेली. त्यानंतर ती त्या वाहनाला स्कूटर म्हणाली नाही, गाडी म्हणाली नाही. "लोखंड" म्हणायची. "लोखंड सरकवा, झाडायचंय." तिनं त्याला हात लावला नाही आणि त्यावर बसण्याचं तर नावच नको. अण्णा ओरडायचे, हसायचे, साऱ्या गल्लीला स्कूटरचं कौतुक सांगायचे, पण सांगताना नजर गोठ्याच्या दाराकडे. पारव्वानं एकदा त्या लोखंडाला आपलं म्हणावं, यासाठी तो माणूस आतून तुटत होता. हे मला सज्जातून दिसायचं, आणि खरं सांगते, मला दोघांचीही कणव यायची.

आधी प्रश्न होता ठिणगीचा. अण्णांनी मिस्त्री बोलावला नाही. म्हणाले, "म्हस दूद चोरती तवा आपुन काय करतो? आधी सड बघतो. मग कास. मग वैरन. मागनं म्होरं जायाचं. ह्यो मिस्त्री आल्या आल्या पोटातच हात घालतोय." त्यांनी त्याच शिस्तीनं स्कूटरला हात घातला. ठिणगी जिथं पडते तो प्लग आधी. मग प्लगपर्यंत येणारी जाड वायर. मग ती जिथून येते ती कॉइल. आणि सगळ्यात शेवटी चाकासारख्या फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या आत बसलेले ते दोन छोटे पॉइंट, जे उघडतात, मिटतात आणि उघडताना वीज सोडतात. त्यांना अण्णा "व्हट", म्हणजे ओठ, म्हणत. "ह्ये दोन व्हट. ह्यांनी तोंड उघडलं की तिकडं ठिनगी. सगळा जीव हितं हाय बगा."

प्लग बाहेर काढायचा, त्याला वायर जोडायची, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा आणि किक मारायची. प्लगच्या तोंडाशी ठिणगी पडली तर विजेचं काम ठीक. पण दिवसाउजेडी ती बारीक ठिणगी दिसते कुठं? म्हणून अण्णांनी घोंगडं आणलं. गोठ्यातलं काळं, जाड, शेणामुताचा सुवास असलेलं. ते इंजिनावर पसरायचं आणि आत डोकं घालून बघायचं. आता जो किक मारतो त्याला बघता येत नाही आणि जो बघतो त्याला किक मारता येत नाही. म्हणून घोंगड्याखाली दुसरा माणूस लागायचा.

"पावणं, या की जरा."

यजमान कोर्टातून नुकते येत होते. काळा कोट, हातात छत्री. त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. घोंगडं त्यांच्यावर पडलं आणि बाहेर फक्त त्यांचे बूट राहिले. अण्णांनी चांगल्या पायानं किक मारली.

"दिसली का?"

"नाही," घोंगड्यातून क्षीण आवाज.

दुसरा प्लग. नाही. मग वायरीवर अण्णांची बोटं हळूहळू मागं गेली, आणि सीटखाली एका जागी थांबली. उंदरांनी वायरीवरचं रबर कुरतडलं होतं आणि उघडी तार लोखंडाला टेकत होती. वीज तिथूनच पळून जात होती. अण्णांनी तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला आणि पुन्हा किक मारली.

"दिसली!" यजमान ओरडले. त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

"कंच्या रंगाची?"

"निळी!"

"पिवळी न्हाय न्हवं? पिवळी म्हंजे अशक्त."

"निळी हो, स्वच्छ निळी!"

यजमान बाहेर आले तेव्हा कोटाला गवत लागलं होतं आणि चेहरा दर्शन घेऊन आल्यासारखा झाला होता. पुढं कितीतरी दिवस जेवताना ते मध्येच थांबून म्हणायचे, "अशी बारीक होती गं. पण निळी."

तेव्हापासून अण्णांचा नेमच झाला. गाडी बंद पडली की घोंगडं, घोंगड्याखाली साक्षीदार, आणि साक्षीदारानं "दिसली" म्हटल्याशिवाय प्लग परत बसवायचा नाही. स्वतःच्या अंदाजावर त्यांचा विश्वास नसे, असं नव्हे. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेलं त्यांना जास्त खरं वाटे. घोंगडं स्कूटरच्या पुढच्या जागेत घडी करून कायम ठेवलेलं असे.

या नेमानं यजमानांची एकदा गाडी चुकली. त्यांना मिरजेला एका लग्नाला जायचं होतं. कोल्हापूरच्या स्टेशनावर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. तिथंच अण्णा भेटले, दूध घालून परत निघालेले. म्हणाले, "बसा मागं. हातकणंगल्यात गाठतो तिला." आणि खरोखर गाठलीच असती. पण हातकणंगल्याचं स्टेशन दिसायला लागलं आणि स्कूटर एकदोनदा फुरफुरून थांबली. यजमान म्हणाले, मी इथून पायी पळतो. अण्णा म्हणाले, "आसं कसं? आधी बघू तर द्या काय झालंय." घोंगडं निघालं. भर रस्त्यात यजमान खाली, वर अण्णा किक मारताहेत. आसपासच्या शेतातली माणसं गोळा झाली.

"काय झालंय वं, पावणं? मानूस आजारी हाय व्हय?"

"मानूस बरा हाय," अण्णा गरजले. "गाडीला ठिनगी न्हाय."

प्लग काळा पडला होता. घासून पुसून लावला, आणि घोंगड्याखालून "दिसली!" आली. त्याच वेळी पलीकडून शिट्टी आली आणि आगगाडी निघून गेली. यजमानांनी ती पाहिली नाही. ते घोंगड्याखाली होते. आणि मग जमलेल्या लोकांना ठिणगी बघायची होती. अण्णांनी एकेकाला आत घेऊन, किक मारून, ठिणगी दाखवली. म्हाताऱ्या आजीबाईंनाही. लग्न चुकलं ते चुकलंच. रात्रीच्या जेवणाला यजमान घरी होते. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "अगं, सगळ्या गावानं पाहिली." मी त्यांच्या ताटात भात वाढला.

या सगळ्यात अण्णा एक काम नेटानं करत होते. चंद्रीची लेक हरणी गोठ्यात वाढत होती. तिला त्यांनी स्कूटरमागं पळायला शिकवलं. स्कूटरचा मागचा पत्रा सैल होता आणि चालताना एक विशिष्ट खडखडाट व्हायचा. तो आवाज हाच हरणीसाठी हाकारा झाला. पहाटे पंचगंगेच्या वाटेवर अण्णा पुढं खडखडत जायचे आणि मागून हरणी कान हलवत धावायची. स्कूटर ढकलत नेली तर हरणी जागची हलत नसे. आवाज झाला पाहिजे. पारव्वा वैरण टाकता टाकता म्हणायची, "आईला देऊन आनलं, आन् आता लेकीला मागं लावलंय." पण ती हे मला म्हणायची, अण्णांना नाही, आणि बोलण्यातला काटा दिवसेंदिवस बोथट होत होता.

मग तो पाडवा आला. हरणीचा पहिला.

आदल्या संध्याकाळी अण्णांनी स्कूटर चकाचक केली. मॅग्नेटोवरचं झाकण काढून, आतल्या खिडकीतून ते दोन ओठ बारीक पॉलिश कागदानं घासले. पारव्वा जवळच हरणीची शिंगं रंगवत बसली होती. अण्णा तिला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणजे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होते, "जीव हितं हाय. ह्ये सोच्छ ठेवलं की गाडी कवा धोका देत न्हाय." पारव्वानं मान वर केली नाही. झाकण रात्रभर उघडंच राहिलं. सकाळी अण्णांनी ते घाईघाईत बसवलं, स्क्रू पिळले आणि नवं पांढरंशुभ्र धोतर नेसून बाहेर आले.

रस्ता माणसांनी फुलला होता. हरणी तेलानं चमकत होती, शिंगांना लाल-हिरवा रंग, कपाळाला बाशिंग. अण्णांनी स्कूटर मधोमध उभी केली, चारी बाजूंना पाहून घेतलं आणि किक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. हरणी शांतपणे रवंथ करत उभी. पलीकडच्या कट्ट्यावरून एक गवळी ओरडला, "अण्णा, म्हशीला म्होरं जुपा की! ती वडंल गाडी!" सगळा रस्ता हसला. एरवी अण्णांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. तिथं पारव्वा आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता, आणि ती मान खाली घालून आत वळली. मला वाटलं, झालं. आता ही त्या लोखंडाला जन्मात माफ करणार नाही.

अण्णांनी सज्जाकडे मान वर केली.

"बाई! या खाली. पावण्यांचं डोळं आज पानावल्यात, त्यांस्नी काय दिसायचं न्हाय."

यजमान खरोखरच हळवे होऊन कठड्याला धरून उभे होते. मी पदर खोचला आणि खाली गेले. इतकी वर्षं सज्जातून पाहिलेल्या घोंगड्याखाली मी पहिल्यांदा शिरले. आत अंधार, म्हशीचा वास, पेट्रोलचा वास. अण्णांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि किक मारली. प्लगवर ठिणगी नाही. नवा प्लग लावला. नाही. वायरीचं टोक लोखंडाजवळ धरलं. नाही. उंदरांची जागा तपासली, ती शाबूत. अण्णा खाली बसले, झाकणाचे स्क्रू काढले आणि तेही घोंगड्याखाली आले. त्यांनी मॅग्नेटो हातानं फिरवून खिडकी समोर आणली. मी आत बॅटरीचा उजेड पाडला.

आत लाल होतं.

आधी मला कळेना. मग दिसलं. त्या दोन ओठांवर ओलसर कुंकू होतं. लोखंडाला कुंकू चिकटत नाही म्हणून बोटाला तेल लावून नीट टेकवलेलं. शेजारी हळद. आणि उघड्या ओठांच्या बरोबर मध्ये अक्षतेचा एक दाणा अडकला होता. त्यामुळे ते मिटत नव्हते, आणि जे मिटत नाहीत ते उघडणार कुठून?

पहाटे साऱ्या जनावरांना ओवाळून झाल्यावर पारव्वानं त्या लोखंडाची पूजा केली होती. हँडलवर नाही, चाकावर नाही, दिव्यावर नाही. नवऱ्यानं जीव जिथं आहे म्हणून सांगितलं होतं, नेमकी तिथं. आणि तिनं पहिल्यांदाच हात लावला तर गाडी बंद पडली. म्हणून तिचा चेहरा उतरला होता. रागानं नाही. आपला हातच वाईट, असं तिला वाटलं असणार.

बाहेर लोक ओरडत होते. "अण्णा, झोपलासा काय आत?" अण्णांनी माझ्याकडे हात केला. "केसातला आकडा द्या, बाई." त्यांनी आकड्याच्या टोकानं तो दाणा हलकेच सोडवला, तळहातावर घेतला आणि पटक्याच्या पदरात खोचला. मग नव्या धोतराचं टोक बोटाला गुंडाळून ते कुंकू पुसून काढलं. पुन्हा पुन्हा पुसलं, तेलाचा अंशही उरेना तोपर्यंत. धोतराचं टोक लालभडक झालं.

आणि मग ते हळू बोलले. मी त्यांना ओळखत होते त्या साऱ्या काळात एकदाच.

"बाई, ह्ये तुमी बघिटलं न्हाय."

मी मान हलवली. प्लग लोखंडाला टेकवून धरला. अण्णा बाहेर गेले, किक बसली, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक लहानशी निळी रेघ तडकली. यजमान इतके दिवस काय सांगत होते ते मला तेव्हा कळलं.

"दिसली!" मी ओरडले. शाळेतली शिस्त विसरून ओरडले.

"ऐकलासा?" अण्णांचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. "वायर निसटली हुती! वायर! सकाळी घाईत माझाच हात लागला आसंल. बाईंनी सोताच्या डोळ्यानं बघिटलंय, इचारा त्यांस्नी!"

"वायरच होती," मी म्हणाले. तोवर पारव्वा दारात परत आली होती. मी तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "वायर होती, पारव्वा."

स्कूटर खडखडली. हरणीनं रवंथ थांबवला, कान टवकारले, आणि अण्णा निघाले तशी ती निघाली. घुंगरांचा आवाज, पत्र्याचा आवाज, आणि सगळ्यांच्या वर अण्णांचा "हुर्रर्र!" रस्त्याच्या टोकापर्यंत आणि परत. कुठंही थांबली नाही. मघाशी हसणाऱ्या गवळ्यानंच पहिला गुलाल उधळला.

दारात पारव्वानं हरणीला ओवाळलं. मग ताट हातात घेऊन क्षणभर थांबली आणि स्कूटरवरूनही ओवाळलं. सगळ्यांदेखत. ती म्हणाली,

"मुडशिंगीला किती येळ लागतोय ह्याच्यावर?"

त्याच दुपारी ती मागं बसून चंद्रीला भेटायला गेली. मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, एक हात अण्णांच्या खांद्यावर, डोळे गच्च मिटलेले. संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं, "चंद्रीनं ओळखलं का?" तर म्हणाली, "वळखलं की. पर आधी भाकरी खाल्ली न्हाय. रुसली हुती. मग मी रुसले, मग खाल्ली." आणि हसली. तिला हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

पुढं दर पाडव्याला हेच चालू राहिलं. अण्णा आदल्या संध्याकाळी ओठ घासून झाकण उघडं ठेवायचे. पहाटे पारव्वा कुंकू लावायची. उजाडल्यावर ती आत गेली की अण्णा झाकण बसवायच्या आधी धोतराच्या टोकानं पुसून घ्यायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, तिला सांगा ना, हँडलला लाव म्हणून." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते.

"जीव हितं हाय म्हनून मीच सांगिटलं की तिला. आता तिथं लावू नगंस, कसं म्हनू?"

काही वर्षांनी यजमानांची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, पाडवा करून दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. पाडव्याच्या पहाटे मी निरोप घ्यायला म्हणून लवकरच खाली गेले. पारव्वा स्कूटरपाशी बसली होती. समोर ताट, बोट तेलात बुडवलेलं. तिनं त्या खिडकीतून कुंकू टेकवलं, दोन अक्षता टाकल्या, हात जोडले. मग कमरेला खोचलेली, जुन्या लुगड्याची फाडलेली एक स्वच्छ चिंधी काढली, तिची नीट घडी घातली आणि झाकणाशेजारी ठेवली.

मी एक पाऊल पुढं आले. तिनं वर पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"धोतर कोन धुतंय, बाई?" पारव्वा म्हणाली. "पैल्या साली टोक लाल बघिटलं तवाच कळलं. वायरीला कुकू कुठनं आलं?"

"मग त्यांना बोलला नाहीत?"

"ते एवढ्या मान्सात वायर म्हनालं. मी बी वायर म्हनलं." ती ताट उचलून उठली. "पर दरसाल नवं धोतर खराब करत्यात वं. तेलाचा डाग निघंना, घासून घासून हात दुकत्यात माझं."

ती आत गेली आणि उगाचच भांड्यांचा मोठा आवाज करू लागली. मी वर सज्जात आले. उजाडत होतं. अण्णा बाहेर आले, नव्या धोतराचा सोगा सावरत स्कूटरपाशी एक गुडघा वाकडा करून बसले. सवयीनं हात धोतराच्या टोकाकडे गेला आणि थांबला. त्यांनी ती चिंधी उचलली. उलटीसुलटी केली. गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. मग सज्जाकडे पाहिलं.

मी मान हलवली. मी काही बघितलं नव्हतं.

मग अण्णांनी त्या चिंधीनंच ते ओठ पुसले, सावकाश, आणि चिंधी पटक्यात खोचली. किक मारली तशी स्कूटर पहिल्या दणक्याला सुरू झाली. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. हरणीनं मान वर केली.

त्या पाडव्याला मल्लूअण्णांचं धोतर संध्याकाळपर्यंत पांढरंशुभ्र राहिलं.